मंदिर परेड आणि हुकूम

गेल्या डिसेंबरात (२०२५) मामेभावाच्या लग्नाला आजोळी गेले होते. आजोळ म्हणजे साताऱ्याजवळचं गाव. आमच्या मामांकडच्या चार पिढ्या फौजेत, त्यामुळे तिथे घरातली भांडणंसुद्धा फॉल-इन झाल्यासारखी एका ओळीत होतात. हळदीच्या रात्री जेवणं उरकली, मांडवात खुर्च्या गोल लागल्या आणि कुणीतरी त्या कोर्टाच्या निकालाचा विषय काढला. मग काय, दीड वाजेपर्यंत झोप नाही!

मामा सुभेदार म्हणून रिटायर झाले. मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली. त्यांच्यासमोर लष्करावर बोलायचं म्हणजे हलवायाला पेढा कसा वळायचा ते शिकवायचं. मी बोलले, आणि अर्थातच हरले. हरले म्हणजे काय, तर मामांचा आवाज मोठा आणि माझे मुद्दे वेळेवर आठवेनात. पुण्याला परत येताना बसमध्ये सगळे आठवले. नेहमीप्रमाणे!

म्हणून इथे लिहितेय. मामा काही कंप्यूटर उघडायचे नाहीत, पण ओंकारने (माझ्या बहिणीचा मुलगा, वय वर्षे सतरा, त्याचं पुढे येईलच) मोबाईलवर वाचून दाखवायचं कबूल केलंय.

आधी प्रकरण काय ते सांगते, कारण त्या रात्री निम्म्या लोकांना तेच नीट माहीत नव्हतं.

एक तरुण ख्रिश्चन अधिकारी. २०१७ साली रणगाड्यांच्या एका रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट म्हणून रुजू झाला. शीख जवानांच्या स्क्वाड्रनमध्ये ट्रूप लीडर. त्या रेजिमेंटमध्ये दर आठवड्याला धार्मिक परेड असायची, मंदिर आणि गुरुद्वारा दोन्ही. त्याचं म्हणणं असं की मी जवानांबरोबर जायचो, बूट काढून अंगणात त्यांच्यासोबत उभा राहायचो. फक्त गाभाऱ्यात जाऊन पूजाविधी करण्यातून मला सूट द्या, माझ्या धर्मात ते बसत नाही. वरिष्ठांनी समजावलं, पुष्कळदा समजावलं, धर्मगुरूंशीही त्याची गाठ घालून दिली. तो ऐकेना. २०२१ च्या मार्चमध्ये त्याला बडतर्फ केलं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लष्कराची बाजू योग्य ठरवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. न्यायालयाचा मुद्दा थोडक्यात असा : हा धर्मस्वातंत्र्याचा प्रश्नच नाही, हा वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडण्याचा प्रश्न आहे. फौजेत शिस्त आधी.

आता मामांची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडणार आहे, कारण ती तकलादू नाही.

मामा म्हणाले, "तू लढाई पाहिली नाहीस. जवान गोळीसमोर जातो तो पगारासाठी नाही जात. शेजारचा जातो म्हणून जातो, साहेब पुढं आहे म्हणून जातो. जायच्या आधी तो देवाचं नाव घेतो. त्या घडीला साहेब त्याच्याबरोबर देवासमोर उभा पाहिजे. साहेब दाराशी थांबला तर जवानाला वाटतं, हा आपला नाही."

मांडवात शांतता. यावर पुण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या भाचीने काय बोलायचं?

पण बोलायला हवं. तर मंडळी, पहिल्यांदा मी कशाच्या विरोधात नाही ते सांगते.

जवानाने देवाचं नाव घेण्याला माझा विरोध नाही. पलटणीत मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च असावं, सर्वधर्म स्थळ असावं, पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री असावेत. उणे वीस अंशांत घरापासून हजारो किलोमीटरवर बसलेल्या पोराला आरतीच्या दहा मिनिटांचा जो आधार वाटतो, तो मी कोण काढून घेणार? मराठा पलटणी सीमेवर गणपती बसवतात, ते फोटो पाहून माझ्याही घशात आवंढा येतो. खंडेनवमीला कोतमधल्या हत्यारांची पूजा होते, त्यालाही माझी ना नाही. आमच्याकडेही त्या दिवशी स्कूटरला झेंडूचा हार पडतो आणि विळीला हळदकुंकू लागतं. तेव्हा "ही शहरातली पुरोगामी पोरगी फौजेतून देव काढायला निघाली" असं कृपा करून म्हणू नका.

माझा विरोध एकाच शब्दाला आहे. हुकूम.

जवानाची श्रद्धा लष्कराने सांभाळावी, ही एक गोष्ट. आणि श्रद्धेची कृती लष्कराने हुकूम देऊन करून घ्यावी, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी मंदिर परेडच्या नावाखाली इतक्या वर्षांत एकमेकींत मिसळून गेल्यात. 'परेड' म्हटलं की हजेरी आली, आणि हजेरी आली की गैरहजेरीची शिक्षा आली. देवळात जाणं ही परेड कशी असू शकते, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांना तिथे जायला आवडतं. आवडत्या गोष्टीचा हुकूम हुकूम वाटत नाही ना!

बरं, आपल्याच इतिहासाने हा धडा आधी दिलाय. १८०६ साली वेल्लोरला कंपनी सरकारच्या फौजेत नवे नियम आले. कपाळावर गंध लावायचं नाही, दाढी काढायची, नव्या पद्धतीची पगडी घालायची. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ गणवेशाचा, शिस्तीचा प्रश्न. शिपायांच्या दृष्टीने धर्माचा. १० जुलैला शिपाई उठले, मोठी कत्तल झाली. त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी काडतुसांचं प्रकरण. दाताने तोडायच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय, ही बातमी बराकीबराकीत पोचली. मीरतच्या पंच्याऐंशी घोडेस्वारांनी ती काडतुसं घ्यायला नकार दिला आणि त्यांना सक्तमजुरी झाली. साहेबांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की हुकूम म्हणजे हुकूम. त्या पंच्याऐंशी जणांना आपण आज काय म्हणतो? बेशिस्त म्हणतो का?

मला माहितीय, तुलना तंतोतंत नाही. तो परका राजा होता, हे आपलं राज्य आहे. पण शिपायाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न तोच आहे. "माझ्या शरीराने एक धार्मिक कृती कर किंवा करू नको, असं तू मला सांगू शकतोस का?" १८५७ च्या शिपायाने 'नाही' म्हटलं तर ते स्वातंत्र्ययुद्ध, आणि आजच्या लेफ्टनंटने 'नाही' म्हटलं तर तो हटवादी. हा हिशोब मला जमत नाही.

आणि एक गंमत लक्षात घ्या. रेजिमेंटच्या देवांची ही जी व्यवस्था आहे, ती काही वेदकाळापासून चालत आलेली नाही. एका जातीची, एका धर्माची पलटण किंवा कंपनी करायची, तिला तिचा देव आणि तिचा युद्धघोष द्यायचा, ही बरीचशी इंग्रजांची सोय. सत्तावन्ननंतर ती त्यांनी जास्तच पक्की केली. तिच्यातून मोठं शौर्य उभं राहिलं, हे शंभर टक्के खरं. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत मराठ्यांनी काय केलं ते मामांकडून ऐकतच मी मोठी झाले. पण शौर्याला अमुक देवच लागतो, असं मात्र नाही. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. तिचा युद्धघोष काय? 'बोलो हिंदुस्तान की जय'. देव नाही, देवी नाही. पुढे १९५६ नंतर त्या समाजातली किती घरं बौद्ध झाली ते महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. कुणाची लढण्याची ताकद कमी झाली का? जम्मू अँड काश्मीर लाइट इन्फंट्री, जिच्यात काश्मिरी मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, 'भारत माता की जय' म्हणून पुढे जाते. १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत पॅटन रणगाडे फोडणारा, परमवीर चक्राचा मानकरी अब्दुल हमीद ग्रेनेडियर्सचा. त्या रेजिमेंटचा घोष आहे 'सर्वदा शक्तिशाली'.

म्हणजे आपल्याच फौजेत दोन्ही वाटा आहेत. दोन्ही वाटांवर परमवीर चक्रं आहेत.

आता पुढचं. मामांचा मुद्दा टिकतो तो एका धर्माच्या तुकडीत. तुकडी शिखांची असेल तर 'जवानांचा देव' कोणता हे उघड आहे. पण १९४९ साली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली तेव्हाच सगळ्या जातिधर्मांच्या मिश्र रेजिमेंटची वाट आपण धरली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा तर भरती 'ऑल इंडिया, ऑल क्लास' म्हणजे सर्व प्रदेश, सर्व वर्ग अशी होईल असं जाहीरच झालं. उद्या एका कंपनीत विदर्भातला बौद्ध, मिझोरामचा ख्रिश्चन, पंजाबचा शीख, केरळचा मुसलमान आणि साताऱ्याचा आमचा मामेभाऊ शेजारी शेजारी असतील, तेव्हा साहेबाने 'जवानांच्या देवासमोर' जायचं म्हणजे नक्की कुणाच्या? सगळ्यांच्या, असं म्हणाल. म्हणा! मग एका दारापाशी ज्याचे पाय अडतात, त्याला त्या दारापाशी आदराने उभं राहू द्यायला काय हरकत आहे?

कोर्टाविषयी. कोर्टाचा मान राखूनच बोलते. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिलाय, हे खरं. सैनिकाला संघटना करता येत नाही, वर्तमानपत्रात वाटेल ते लिहिता येत नाही, ते बरोबरच आहे. पण तो अधिकार कशासाठी दिलाय? कर्तव्य नीट पार पडावं आणि शिस्त राहावी यासाठी. गाभाऱ्यात हात जोडणं हे सैनिकाचं कर्तव्य केव्हापासून झालं? माझा मुद्दा एवढाच आहे की एखादा हुकूम आधी कायदेशीर कर्तव्याच्या हद्दीत यायला हवा, मग त्याच्या शिस्तीची गोष्ट. हुकूम दिला म्हणून ते कर्तव्य, आणि कर्तव्य म्हणून हुकूम योग्य, असं गोल गोल फिरून कसं चालेल?

याच सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळच्या तीन शाळकरी भावंडांच्या बाजूने निकाल दिला होता. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ती मुलं. राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, उभी राहतात ना? मग अपमान कुठे झाला? परत घ्या. शाळा म्हणजे फौज नाही, मान्य. पण आदर आणि सहभाग यात फरक असतो, हे तत्त्व बराकीच्या दाराशी बूट काढून ठेवल्यासारखं बाहेर ठेवायचं का?

आणि इतर देशांच्या फौजांचं म्हणाल, तर अमेरिकेत वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादम्यांमध्ये दर रविवारी प्रार्थनेला जाणं सक्तीचं होतं. १९७२ साली तिथल्या न्यायालयाने ती सक्ती काढली. स्पेनसारख्या कॅथलिक देशात एका सैनिकाने मेरीमातेच्या सन्मानार्थ झालेल्या लष्करी समारंभातून सूट मागितली, ती मिळाली नाही. १९९६ साली तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की धार्मिक स्वरूपाच्या कार्यक्रमात भाग घ्यायचा की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. दोन्ही फौजा अजून शाबूत आहेत.

आता दुसरा, थोडा नाजूक भाग. आत्तापर्यंत सैनिकाचं बोलले, आता खुद्द फौजेचं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्समध्ये पहिलं राफेल ताब्यात घेताना संरक्षणमंत्र्यांनी शस्त्रपूजा केली. विमानावर ॐ काढला, चाकांखाली लिंबं ठेवली. देशभर त्यावर विनोद झाले. मला त्या विनोदांचाही राग आला, कारण आपल्यातले निम्मे लोक नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतातच. पण प्रश्न लिंबाचा नव्हताच. ती गाडी कुणाची, हा प्रश्न होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अंबाल्याला तीच विमानं हवाई दलात दाखल झाली तेव्हा सर्वधर्म पूजा झाली. मला विचाराल तर हे जास्त शोभलं. विमान सगळ्यांच्या करातून आलंय, त्यात बसणारा वैमानिक कुठल्याही धर्माचा किंवा कुठल्याच धर्माचा नसेल.

केदारनाथचे दरवाजे उघडतात तेव्हा लष्करी बँड वाजतो. मी स्वतः टीव्हीवर ते पाहून हात जोडलेत. फौज त्या डोंगरांत राहते, तिथल्या लोकांत मिसळते, शिखांच्या हेमकुंड साहेबच्या वाटेवरचा बर्फही जवानच काढतात. शेजारधर्म म्हणून हे ठीक आहे. पण मनात एक काटा ठेवायला हवा. वाटेवरचा बर्फ काढणं ही सेवा आहे, समारंभाची शोभा वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे. आज एका देवळाची शोभा वाढवली की उद्या दुसरा विचारतो, आमच्याकडे का नाही? आणि तेव्हा 'नाही' म्हणायची वेळ ज्या फौजेवर येते, ती फौज त्या दुसऱ्याच्या मनातून थोडी उतरते. ३ मे २०२० आठवतोय? कोरोनाच्या त्या भयाण दिवसांत हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी हॉस्पिटलांवर फुलं टाकली. त्यावरही टीका झाली, फुलांपेक्षा कीट द्या वगैरे. पण त्या फुलांना जातधर्म नव्हता. ती फुलं आपल्या फौजेने टाकलेली, एवढंच प्रत्येकाला वाटलं. फौजेची खरी शिल्लक म्हणजे हा 'आपली' शब्द. बाकी सगळ्या खात्यांवरचा विश्वास उडालेल्या या देशात तो शब्द अजून तिच्याकडे आहे. तो जपून खर्च करायला हवा.

असो. पुन्हा मांडवात येते.

सगळे पांगल्यावर मी मामांना चहा करून दिला आणि विचारलं, "मामा, तुमच्या कंपनीत कधी ख्रिश्चन साहेब होते का?"

"होते की. केरळचे. गणपतीच्या आरतीला पुढं उभे असायचे. मोदक खायला तर लंगरमध्ये स्वतः यायचे."

"त्यांना हुकूम होता?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "हुकूम? हुकूम कशाला? आपणहून यायचे ते."

मी काही बोलले नाही. चहा संपत आला तेव्हा मामा स्वतःच म्हणाले, "एक पोरगा होता आमच्या प्लाटूनमध्ये. बाबासाहेबांना मानणारा. देवळात यायला त्याला जमायचं नाही. मंदिर परेडच्या दिवशी तो संत्री ड्युटी मागून घ्यायचा. मीच लावायचो त्याची."

"कुणी काही म्हणायचं नाही?"

"काय म्हणायचंय? पोस्टवर कधी झोपला नाही तो."

मंडळी, माझं सगळं म्हणणं या दोन माणसांत आलं. केरळचे साहेब आपणहून आले म्हणून ते जवानांचे झाले. त्यांना चार्जशीटच्या भीतीने यावं लागलं असतं, तर आज तीस वर्षांनी मामांना त्यांचे मोदक आठवले असते का? आणि तो पोरगा आला नाही म्हणून परका झाला नाही, कारण त्याच्या हवालदाराला (म्हणजे तेव्हाच्या मामांना) माणूस ओळखता येत होता. जी गोष्ट एक हवालदार ड्युटीच्या तक्त्यावर पेन्सिलने सोडवायचा, ती सोडवायला आपल्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि तरी ती सुटली नाही.

मामा, तुम्ही मांडवात जे बोललात त्यापेक्षा तुम्ही नोकरीत जे केलंत ते जास्त बरोबर होतं. रागावू नका!

आता ओंकार. नाव ओंकार, पण पठ्ठ्या दहावीपासून देवाला नमस्कार करत नाही. आजीने सांगितलं तर हसून तिच्याच पाया पडतो. एनडीएच्या परीक्षेची तयारी जोरात चालू आहे. पहाटे पाचला उठून पळतो, गणितात उत्तम आहे, आणि खोटं बोलता येत नाही हा त्याचा मोठाच दुर्गुण आहे. उद्या तो अधिकारी झाला आणि गाभाऱ्याच्या दाराशी थांबून म्हणाला, "सर, मी इथेच उभा राहतो, माझ्या जवानांबरोबर आहे, पण आत जाऊन जे मनात नाही ते करणार नाही," तर?

अन्याय फक्त अल्पसंख्याकावर होतो असं समजून आपण गप्प बसतो, म्हणून हे सांगितलं. श्रद्धेचा हुकूम एकदा कायदेशीर ठरला की तो आपल्याही घरात येतो.

मला वाटतं नियम साधा हवा. धार्मिक परेड ऐच्छिक असावी, अधिकाऱ्यालाही आणि जवानालाही. ज्याला यायचं त्याला मोकळेपणी येऊ द्या, ज्याला दाराशी थांबायचं त्याला थांबू द्या, आणि ज्याला त्या वेळी संत्री ड्युटी करायची असेल त्याला ती द्या. त्याच्या कामाचा अहवाल त्याच्या कामावर लिहा. एवढ्याने फौज कमजोर होत असेल, तर ती मामांनी मला सांगितलेली फौज नाही.

ओंकार, हे मामांना सगळं वाचून दाखव. तुझ्याबद्दलचं गाळू नकोस. आणि ते काय म्हणाले ते मला कळव, शिव्या धरून.